सामानापाशी कोणीतरी

परीक्षेच्या हॉलबाहेर दप्तरांचा ढीग पडलेला असतो आणि त्याच्यापाशी कुणीही बसलेलं नसतं. मार्चमधल्या सकाळी पर्यवेक्षणाला उभी असले की खिडकीतून मला तो ढीग दिसतो. निळ्या, काळ्या, चेन तुटलेल्या, सेफ्टी पिनेवर तग धरलेल्या बॅगा. त्यांत खोचलेल्या पाण्याच्या बाटल्या, एखादा डबा, एखादी आईनं बळंच दिलेली छत्री. पेपर संपेपर्यंत ते सगळं व्हरांड्यात तसंच पडून राहतं. मध्येच एखादं कुत्रं येऊन डबा हुंगून जातं. घंटा झाली की मुलं बाहेर येतात, आपापली बॅग उचलतात आणि उत्तरं जुळवत फाटकाकडे निघतात. मी म्हैसूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. इतक्या वर्षांत कुणाची बॅग गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

पर्यवेक्षकाला हॉलमध्ये वाचायचं नसतं, बोलायचं नसतं, फोन तर बाहेरच ठेवायचा असतो. उभं राहायचं, फेऱ्या मारायच्या आणि पुरवण्या द्यायच्या. त्यामुळे डोकं मोकाट सुटतं. बाहेर या दिवसांत रस्त्यावर गुलाबी फुलांचे सडे असतात, गाड्यांच्या टपांवर, झेरॉक्सच्या दुकानांच्या पत्र्यांवर. फाटकापाशी कैरीच्या फोडी तिखटमीठ लावून विकायला येतात. इथली मल्लिगे, म्हणजे आपल्या मोगऱ्याची चुलतबहीण, याच सुमारास स्वस्त होते आणि माझ्या सहकारी बायकांच्या केसांतले गजरे लांब होतात. हे सगळं दरवर्षी येतं, आणि दरवर्षी मला मुक्ताच्या परीक्षेचा तो उन्हाळा आठवतो, ज्या उन्हाळ्यात आम्ही अंदमानला जायचं ठरवत होतो.

मुक्ता माझी मुलगी. आता ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात आहे, तेव्हा सेकंड पीयूला होती. इकडे बारावीला सेकंड पीयू म्हणतात. मुलगीच परीक्षेला बसणार म्हणून त्या वर्षी मला पर्यवेक्षणाचं काम नव्हतं. घरात टीव्ही बंद होता, कुकरच्या शिट्ट्यासुद्धा दबकून व्हायच्या. मुलीच्या परीक्षेचा ताण बापानं नेऊन कुठं ठेवायचा, हा प्रश्न प्रत्येक घरात असतो. माझ्या नवऱ्यानं, अजितनं, तो नेऊन अंदमानात ठेवला.

अजित मूळचा साताऱ्याचा, मी नाशिकची. लग्नानंतर लगेच त्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीपायी आम्ही म्हैसूरला आलो आणि जयलक्ष्मीपुरममध्ये स्थिरावलो. हा माणूस एरवी कोथिंबीर आणायला गेला तर पुदिना घेऊन येतो. पण सहलीचा आराखडा म्हटलं की त्याच्या अंगात येतं. मुक्ता आतल्या खोलीत ऑरगॅनिक रिअॅक्शन्स घोकत असायची आणि हा बाहेर जेवणाच्या टेबलावर बेटांच्या बोटी जुळवत असायचा. त्याला सहलीत तीन गोष्टी हव्या होत्या: प्राणी, समुद्र आणि धाडस. खारफुटीतून कयाक वल्हवत जायचं, खाडीच्या कडेला मगर दिसते का बघायचं, नारळ फोडणारा खेकडा बघायचा, पाण्याखाली जाऊन प्रवाळ आणि रंगीत मासे बघायचे. एका बेटावर जंगलातून चालत जायचं आणि पलीकडच्या किनाऱ्यावर बाहेर पडायचं. हे सगळं तो भाताचा घास हातात धरून सांगायचा. घास गार व्हायचा.

मी एकदा म्हटलं की आपल्या म्हैसूरपासून थोड्या अंतरावर हत्ती रस्ता ओलांडतात, वाघ बघायला जगभरातून माणसं इथं येतात, आणि आपण प्राणी बघायला समुद्र ओलांडून चाललो आहोत. काखेत कळसा आणि गावाला वळसा. अजित म्हणाला, हत्ती कुठं जात नाहीत, ते परत आल्यावर बघू.

एवढं सगळं इतक्या सहज कसं जमून येतंय, हा प्रश्न त्याला पडायला हवा होता. हव्या त्या हॉटेलात हवी ती खोली मिळत होती, समुद्राकडे तोंड केलेली. मे अखेरीला, ऐन सुट्टीत. याचं श्रेय त्यानं सरळ स्वतःकडे घेतलं. तीन महिने आधी ठरवलं की असं होतं, म्हणाला.

अशाच एका जेवणात तो दिवसवार सगळं सांगत होता. सकाळी बोट, मग तो आणि मुक्ता पाण्याखाली, मग जेवण. मुक्ता पाणी प्यायला बाहेर आली होती, ती म्हणाली की पाण्याखाली जाताना फोन, चष्मे, कपडे कुठं ठेवायचे. अजित म्हणाला, “मेधा असेलच की सामानापाशी.”

तो ते वाईट हेतूनं म्हणाला नाही. उद्या सोमवार आहे म्हणावं तसं म्हणाला. आणि त्याचं काही चुकतही नव्हतं, कारण मी सामानापाशी असायचेच. मुक्ता तान्ही असताना आम्ही पहिल्यांदा गणपतीपुळ्याला गेलो, तेव्हा ती दुपट्यात झोपली होती म्हणून मी वाळूवर बसले. ती उठली, चालायला लागली, पळायला लागली, पाण्यात गेली. मी बसलेलीच राहिले. काही कामं अशी असतात की एकदा करायला घेतली की ती अंगाला चिकटतात. गोकर्णला मी बसले, मलप्याला बसले, केरळात बसले. चष्मे, घड्याळं, पाकिटं माझ्या ओढणीत, चपला माझ्याभोवती गोल मांडलेल्या. समुद्राचं माझं ज्ञान हे चपलांच्या उंचीवरचं आहे. कुठल्या किनाऱ्यावरची कुत्री सभ्य आणि कुठली पिशवीत तोंड घालणारी, भेळवाला किती वाजता येतो, भरतीची ओल कुठवर येते आणि सामान कधी मागे सरकवावं लागतं, हे मला विचारा. पाणी कमरेला लागलं की कसं वाटतं ते विचारू नका.

बरं, मला पोहता येत नव्हतं, चष्म्याचा नंबरही मोठा, त्यामुळे मी पाण्यात जाईन असं कुणाला वाटण्याचं कारण नव्हतं. मलाही वाटलेलं नव्हतं. पण त्या दिवशी ते वाक्य ऐकलं आणि मला पुढचं सगळं दिसलं. अंदमानापर्यंत जायचं, विमानात बसायचं, बोटीत बसायचं, आणि तिथं जाऊन परत चपलांच्या गोलात बसायचं. मी ताट उचलता उचलता म्हटलं, “या वेळी मी पाण्यात जाणार आहे.”

अजित मुळात भला माणूस आहे. त्याच्या चेहऱ्यावर विरोध नव्हता, फक्त अडचण होती. मग ती अडचणही सुटली आणि चेहरा उजळला. तो म्हणाला की मग आईला नेऊ या, ती बसेल सामानापाशी.

त्याची आई म्हणजे माझ्या सासूबाई. परीक्षेच्या वेळी घरात मोठं माणूस असावं म्हणून त्या साताऱ्याहून येणारच होत्या. अजितनं लगेच त्यांना फोन लावला. अंदमानला येतेस का, असं विचारलं आणि त्याच दमात सामानाचंही सांगून टाकलं. पलीकडून आवाज आला, “बसेन की, मला काय. सावली असली म्हणजे झालं.”

मला हायसं वाटलं. ते वाटणं फार वेळ टिकलं नाही, पण वाटलं हे खरं.

मग मी पोहायला शिकायचं ठरवलं. म्हैसूरला उन्हाळ्यात जागोजागी पोहण्याचे वर्ग निघतात. आमच्या घरापासून चालत जाण्याजोगा एक तलाव होता, तिथं दुपारी कलत्या उन्हात बायकांची बॅच असायची. शिकवणाऱ्या बाईंना सगळे शैलजाक्का म्हणायचे. पहिल्या दिवशी मी नाव सांगितलं तेव्हा त्या मराठीत बोलायला लागल्या. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, अग्रहारातलं, म्हणजे इथल्या जुन्या ब्राह्मण वस्तीतलं. त्यांची मराठी माझ्या कानाला आधी कानडी वाटायची, मग हळूहळू तिच्यातून मराठी वर यायची. मी पाण्यात हातपाय झाडत होते, नाकातोंडात पाणी जात होतं. त्यांनी माझ्या पाठीखाली तळहात धरला आणि म्हणाल्या, “ताई, तुमी पाण्याशी भांडू नका. सुम्ने पडून ऱ्हावा. पाणीच धरतंय तुमाला, अष्टे.”

अष्टे म्हणजे एवढंच, आणि सुम्ने म्हणजे उगाच, काही न करता. सुम्ने हा शब्द इथं दिवसातून शंभरदा ऐकू येतो. कुठं चाललात, सुम्ने. का आलात, सुम्ने. वीस वर्षं मी तो ऐकत होते, पण तो आपल्याला करून बघायचा असतो हे मला त्या तलावात कळलं. आणि ते अवघडच होतं. पाठीवर पडायचं आणि काहीही करायचं नाही म्हटलं की मला गॅस बंद केला का ते आठवायचं. मुक्ताला दूध दिलं का, उद्याची भाजी काय, हे आठवलं की मान ताठ व्हायची, मान ताठ झाली की पाय खाली जायचे आणि मी बुडायचे. शैलजाक्का पुन्हा हात खाली धरायच्या.

सासूबाई आल्या कंदी पेढे, काळा मसाला आणि तीन पिशव्या घेऊन. साताऱ्याहून निघताना शेजारणीनं अंदमानात काय बघणार विचारलं, तर यांना सांगता येईना, असं त्या स्वतःच हसत सांगत होत्या. मुक्ताचे पेपर सुरू झाले होते. त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, दारावरच्या भाजीवाल्याशी मराठीत भांडल्या, त्यानं कानडीत उत्तरं दिली आणि दोघांचं पटलं. माझ्या पोहण्याचं कळल्यावर त्या नाक मुरडतील असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पिशवी घेतली तर त्या पायात चपला सरकवून दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, कपडे, चष्मा, किल्ली असं सगळं उघड्यावर टाकून पाण्यात कशी उतरतेस, मी बसते ना.

आणि त्या बसल्या. तलावाच्या कडेला सिमेंटचा बाक होता, वर पत्र्याची सावली. त्यावर त्या माझी पिशवी मांडीवर घेऊन बसायच्या. पिशवी बाजूला ठेवायला भरपूर जागा होती, पण ती मांडीवरच. पाण्यातून चष्म्याशिवाय मला त्या धूसर दिसायच्या, एक पोपटी पातळ आणि त्यावर एक निळा चौकोन.

त्यांना तसं बसलेलं बघून मला एक जुनी दुपार आठवली. मुक्ता लहान असताना त्या म्हैसूरला आल्या होत्या आणि आम्ही त्यांना प्राणिसंग्रहालयात नेलं होतं. चालून चालून सगळे दमलो. जिराफांच्या समोर एक बाक होता, तिथं त्या पिशव्या घेऊन बसल्या आणि आम्हाला म्हणाल्या, तुम्ही वाघ बघून या. आम्ही गेलो, वाघ बघितला, हत्ती बघितले, सापही बघितले, आईस्क्रीम खाल्लं आणि त्यांच्यासाठी एक आणलं, ते येईपर्यंत विरघळलं. परत आलो तर त्या तिथंच होत्या. त्यांनी मुक्ताला विचारलं की वाघ कसा होता, आणि मुक्तानं सांगितलं ते फार लक्ष देऊन ऐकलं. रात्री फोनवर त्या साताऱ्याच्या बहिणीला सांगत होत्या की आज वाघ बघायला गेलो होतो. खोटं काही नव्हतं त्यात. गेल्या होत्याच.

तलावात पाठीवर पडून मी हे आठवत होते आणि बुडाले.

एप्रिल उजाडला. मुक्ताचे पेपर संपले, पण प्रवेश परीक्षेचा अभ्यास संपला नव्हता. वळिवाची एकदोन झोडपणी झाली आणि रस्त्यावरच्या गुलाबी फुलांच्या जागी पिवळी आली. मला आता बुडण्याची भीती राहिली नव्हती, पोहता येतं म्हणण्याइतकंही येत नव्हतं. एका दुपारी मी तलावाच्या या टोकाकडून त्या टोकाला पोचून मागे वळले तर बाकावर पोपटी पातळ नव्हतं. मी घाबरून कडेला आले. सासूबाई काठावर बसल्या होत्या, पातळ गुडघ्याच्या जरा खाली आवळून धरलेलं, पाय पोटऱ्यांपर्यंत पाण्यात. पिशवी मागे बाकावर. मला बघून जरा ओशाळल्या आणि म्हणाल्या, “पिशवी दिसतेय मला इथून.”

शैलजाक्का तिकडून चालत आल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “बन्नी अज्जी, स्वल्प खाली उतरा. पहिलं गार लागंल, मग काय नाय.” बन्नी म्हणजे या आणि स्वल्प म्हणजे जरा; सासूबाईंना कानडीचं अक्षर येत नाही, पण उतरा म्हटलेलं कळलं. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. परवानगी मागितल्यासारखं नव्हतं ते, पण काहीतरी विचारत होत्या. सत्तरीतली बाई, पायांच्या शिरा वर आलेल्या. मी म्हटलं, उद्या माझी जुनी योगाची पँट आणते.

दुसऱ्या दिवशी माझी पँट आणि अजितचा एक टी-शर्ट घालून त्या कमरेइतक्या पाण्यात उतरल्या. लोखंडी दांडी दोन्ही हातांनी गच्च धरलेली. मग रोज उतरायला लागल्या. दांडी धरून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात चालायच्या, पाय मारायच्या, कधी नुसत्या उभ्या राहायच्या. डोकं मात्र भिजवायच्या नाहीत. शैलजाक्कांनी आग्रह केला नाही. पिशवी बाकावर एकटी पडलेली असायची, आणि पहिले दोन दिवस आम्ही दोघीही आळीपाळीनं तिच्याकडे बघायचो. मग बघायचं विसरलो. घरी यातलं काही सांगायचं आमचं ठरलं नव्हतं, पण सांगितलंही नाही. अजितचा टी-शर्ट दोरीवर रोज का वाळतोय हे त्याला कळलं नाही, कारण दोरीवर काय आहे ते तो बघत नाही.

आता मला प्रश्न पडला होता. मी पाण्यात जायचं म्हणून त्या बसणार, अशी ती सोय होती. सोय बिनतक्रार चालली असती. त्यांनी एकदा हो म्हटलं होतं आणि आयुष्यात त्या एकदा हो म्हटल्यावर नाही म्हणालेल्या मला आठवत नाहीत. मी बोलायला हवं होतं, पण बोलले असते तर कोण बसणार हा प्रश्न पुन्हा माझ्याच पुढ्यात आला असता, आणि मला बसायचं नव्हतं. रात्रंदिवस हाच विचार करत होते असं नाही. पण पोळ्या लाटताना तो यायचा.

मे महिना निम्मा झाला. परीक्षा एकदाच्या संपल्या आणि टीव्ही पुन्हा सुरू झाला. सासूबाईंनी लगेच मराठी बातम्या लावल्या. त्या संध्याकाळी आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत होतो. निघायला थोडेच दिवस उरले होते, जमिनीवर अर्ध्या भरलेल्या बॅगा होत्या, अजित कयाक वल्हवताना घालायचे हातमोजे, टोपी, दुर्बीण असं काय काय कुठल्या बॅगेत ते ठरवत होता. बातमी आली. सासूबाईंनी सवयीनं हात जोडले आणि म्हणाल्या, “आला बाई पाऊस अंदमानात.”

आता हे वाक्य कुठल्याही मराठी माणसानं जन्मापासून ऐकलेलं असतं. उन्हानं जीव नको झालेला असतो, विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि एक दिवस बातमी येते की मान्सून अंदमानात पोचला. घरात बरं वाटतं. कुणीतरी म्हणतं, आता आठ-पंधरा दिवसांत आपल्याकडे. आम्ही ते इतक्या वेळा ऐकलेलं आहे की अंदमानात पोचला म्हणजे तिथं पाऊस पडायला लागला, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. अंदमान हे आमच्या लेखी पावसाचं एक स्टेशन होतं. पाऊस म्हणजे सात जून, मृग लागतो तेव्हा, हे अजितला साताऱ्याच्या शाळेत शिकवलेलं आणि ते त्याच्या हाडात मुरलेलं. त्यानं मे अखेरची तारीख याच हिशेबानं ठरवली होती, सात जूनच्या आत परत. मीही तेच शिकलेली. तीन महिने आम्ही बोटींच्या वेळा बघितल्या, माशांची नावं शोधली, आणि ऋतू बघितला नाही. हॉटेलं एवढी रिकामी का, हे आता कळलं.

सासूबाईंचे हात अजून जोडलेलेच होते. मुक्ता आधी हसली. मग अजितचा चेहरा बघून तिनं टीव्हीचा आवाज बारीक केला.

अजितनं फोन लावले. तिकडून कळलं की बोटींचा भरवसा नाही, कयाक बंद, पाण्याखाली जाणं वाऱ्यावर अवलंबून, बहुधा नाहीच. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला की रद्द करू, दिवाळीत जाऊ. मुक्ता म्हणाली की दिवाळीत ती हॉस्टेलला असेल आणि तिला सुट्टी असेल की नाही ठाऊक नाही. अजित म्हणाला की पण तिथं जाऊन करणार काय, खोलीत बसून पाऊस बघायचा? कुणी जाणारच नाही म्हटल्यावर माझा तो पोळ्या लाटतानाचा प्रश्नही मिटत होता, हे मनात येऊन गेलं.

सासूबाई म्हणाल्या, “मी जाणार.”

अजितला वाटलं त्यांना नीट कळलं नाही. त्यानं पुन्हा समजावलं, पाऊस आहे, वारा आहे. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “अरे, आजवर तुम्ही जिथं नेलंत तिथं मी बसले. या वेळी मला बसायचं नाहीये. पावसात समुद्र असतो ना जागेवर? मग झालं.”

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. भाजीत मीठ कमी आहे म्हणाव्यात तितकाच होता. इतक्या वर्षांच्या सवयीनं अजितच्या तोंडून निघालं की मग सामानापाशी कोण, आणि तो मध्येच थांबला. माझ्याकडे बघितलं. मी बॅगेकडे बघितलं. मुक्ता जमिनीवर त्या पसाऱ्यात बसली होती, ती म्हणाली, “पण आपण एवढं सामान बीचवर नेतोच का? रूमवर ठेवूया ना.”

का नेत होतो? टॉवेल, पाणी, खाऊ, सुके कपडे, मलम, छत्री, वर्तमानपत्र, आणखी एक टॉवेल. मी पूर्वी समजत होते की सामान असतं म्हणून कुणालातरी बसावं लागतं. खरं उलटं होतं. बसायला कोणीतरी होतं म्हणून एवढं सामान होतं. बसणारी बाई नसती तर आम्ही एक टॉवेल खांद्यावर टाकून गेलो असतो, आणि कुणाचं काही अडलं नसतं. हे शोधायला तीन पिढ्या आणि सेकंड पीयू झालेली मुलगी लागली.

आता पर्यवेक्षणाला उभी असते तेव्हा मी मुलांचे चेहरे बघते, कुणाच्या घरी आत्ता काय ठरवलं जात असेल याचा अंदाज करते. प्रत्येक घरात कुणीतरी परीक्षेनंतरची सहल ठरवत असतं. त्यात कोण पाण्यात आणि कोण काठावर हे न बोलता ठरलेलं असतं, आणि बहुतेक वेळा कुणाचाच हेतू वाईट नसतो. अजितचाही नव्हता. आईनं पाण्यात जायचं म्हटल्यावर त्यानंच दुकानात जाऊन तिच्यासाठी न घसरणाऱ्या चपला आणल्या. परवा सासूबाईंचा साताऱ्याहून फोन होता. यंदा कुठं, म्हणून विचारत होत्या. पूर्वी हे विचारायचा मान त्या कधी घेत नसत, नेतील तिथं जात. मी म्हटलं अजून ठरलं नाही. ठरवा लवकर, म्हणाल्या, आणि या वेळी आधी पाऊस बघा.

अंदमानात आम्हाला मगर दिसली नाही. नारळ फोडणारा खेकडा दिसला नाही, कयाक उलटी करून झाडाखाली ठेवलेली होती, प्रवाळ काचेच्या पेटीत बघितलं. पदरी पडलं पवित्र झालं. चार दिवसांतले अडीच दिवस आम्ही खोलीच्या व्हरांड्यात पत्ते खेळलो आणि भाजलेली मासळी खाल्ली. एका झाडावर पोपटांचा थवा पावसात भिजत बसला होता, अजितनं दुर्बिणीतून त्यांचं तासभर निरीक्षण केलं आणि तेच आमचं वन्यजीवन झालं. मुक्ता म्हणाली की हे पोपट जयलक्ष्मीपुरममध्ये पण असतात.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला. हॉटेलखालच्या किनाऱ्यावर जाळं लावून पोहण्यापुरतं पाणी अडवलेलं होतं. तिथल्या जीवरक्षकानं सांगितलं की कमरेपर्यंत जा, पुढे नाही. पाऊस बारीक पडत होता. आम्ही खोलीला कुलूप लावून गेलो, किल्ली खालच्या काउंटरवर दिली. हातात काहीच नव्हतं, ते चालताना विचित्र वाटत होतं. सासूबाईंनी तीच पँट आणि अजितचा तोच टी-शर्ट घातला होता. तो आपला आहे हे त्यानं तेव्हा पहिल्यांदा ओळखलं.

पाणी कोमट होतं, पावसापेक्षा कोमट. मी चष्मा खोलीवरच ठेवला होता, त्यामुळे समोर नुसता राखाडी रंग होता, आकाश कुठं आणि समुद्र कुठं ते कळत नव्हतं. सासूबाईंनी माझं मनगट धरलं होतं, आधी गच्च, मग नुसतं. लाट आली की आम्ही दोघी जरा वर उचलल्या जात होतो आणि पुन्हा पाय टेकत होते. मला खूप आनंद झाला होता. तो कुणाला सांगावा असंही वाटत नव्हतं. मुक्ता पलीकडे पोहत होती. अजित मध्येच बाहेर जाऊन काठावर उभा होता, आणि काय शोधत होता कोण जाणे, पण तिथून ओरडून विचारत होता, “आई, माझा टॉवेल कुणीच आणला नाही का? आई?”

सासूबाईंनी त्याच्याकडे वळून बघितलं. मग माझं मनगट सोडलं, दोन बोटांनी नाक धरलं, डोळे मिटले आणि डोकं पाण्यात घातलं. पांढरे केस वर पसरले. मी मोजत नव्हते, पण बराच वेळ त्या खाली होत्या. मी हात पुढे करणार तेवढ्यात त्या वर आल्या, तोंडावरून पाणी निथळत होतं, श्वास लागला होता आणि चेहऱ्यावर असं काही होतं जे मी त्यांच्या चेहऱ्यावर आधी बघितलेलं नव्हतं. काठावरून अजितची हाक चालूच होती.

“मेधा,” त्या म्हणाल्या, “आत कुणाचीच हाक ऐकू येत नाही गं.”

आणि त्यांनी पुन्हा नाक धरलं.